शेजारगावचा पाऊस

आबाजीला दोन पाऊस ठाऊक होते. एक घाटाखालचा, कोकणातला. तो सुरू झाला की एकसारखा कोसळायचा. मेंढरांची लोकर सुकायची नाही, खुरं कुजायची. म्हणून पावसाळा तोंडावर आला की धनगरांचे तळ घाट चढून वर यायचे. दुसरा पाऊस घरचा, निरवांगीच्या माळावरचा. त्याचं काही खरं नसायचं. मृगात चार थेंब शिंपडून जायचा, श्रावणात नुसतेच ढग पळवायचा, आणि मग उत्तरा-हस्तात मागं फिरून यायचा, आला तर. आबाजीचं अर्धं आयुष्य या दोन पावसांच्या मधल्या वाटेवर गेलं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि मावळतीकडे चालू लागायचं. त्याची लेक सुकन्या अशाच एका वाटेवर, नीरेच्या काठी, करंजाच्या झाडाखाली जन्मली.

ही पोर मेंढरांमागं चालणार नाही, हे त्याच्या बायकोनं, म्हाळसेनं, तिथंच ठरवून टाकलं होतं. आबाजीला ते पटायला काही वर्षं गेली. चरायची रानं उसाखाली गेली, वाटेत कुंपणं आली, तेव्हा त्यानं कळप विकला आणि वस्तीलगत ओढ्याच्या काठाला रान घेतलं. माळाच्या मानानं ते रान म्हणजे लोणी. ओढ्यानं पिढ्यान्‌पिढ्या आणून टाकलेली काळी माती होती तिथं. विहिरीला पाणी लागलं. त्यानं डाळिंबं लावली. आजवर ज्याचं सगळं धन चार पायांवर चालत आलेलं, त्या माणसाला एका जागी उभं राहिलेलं झाड आपलं म्हणायचं नवल वाटायचं. सकाळी उठून तो आधी बागेत जायचा, झाडं जागेवर आहेत का बघितल्यासारखा.

सुकन्या शिकत गेली. आधी इंदापूर, मग बारामती, मग पुणे. परत येऊन बारामतीच्याच एका कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवायला लागली आणि लग्न होऊन तिथंच राहिली.

"आबा, लेक काय शिकवती?" लोक विचारायचे.

"हिशेब."

पुढं ती पावसाचा अभ्यास करायला लागली. तेव्हापासून तो म्हणायचा, "पावसाचा हिशेब." लोक हसायचे. तोही हसायचा. पावसाचा हिशेब आजवर कुणाला लागलाय?

चौऱ्याण्णव सालच्या सुमाराला त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. बारामतीला ऑपरेशन झालं आणि तो लेकीकडे राहिला. पट्टी निघाली, जग पुन्हा धुतल्यासारखं लख्ख दिसायला लागलं, तेव्हा सुकन्या त्याला एक दिवस कॉलेज दाखवायला घेऊन गेली. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायला लावल्या, तेव्हा आत देव असणार असं त्याला वाटलं. आत गारठा होता, टेबलं होती, आणि एका यंत्रातून करकर आवाज करत कागद बाहेर येत होता. कागदावर ठिपके उमटत होते. यंत्राचं डोकं इकडून तिकडं धावायचं, एक ओळ सोडायचं, पुन्हा धावायचं. हळूहळू त्या ठिपक्यांच्या दोन रेघा झाल्या. मेंढरं दोन वाटांनी डोंगर चढताना लांबून जशी दिसतात, तशा.

"हे काय हाय?" त्यानं विचारलं.

सुकन्येनं कागद फाडून टेबलावर पसरला. "पाऊस हाय, आबा. गावोगाव पाऊस मोजायची यंत्रं असत्यात. चाळीस-पन्नास वर्षं मोजत्यात. मी दरसालचा सगळ्यात दांडग्या पावसाचा एकच दिवस उचलला. आणि त्या गावच्या नेहमीच्या मोठ्या पावसाच्या तो किती पट हुता, तेवढं बघितलं."

"घाटाकडचा पाऊस आन्‌ बावड्याचा पाऊस एका तागडीत घातलास व्हय?"

"न्हाय. बैल आन्‌ शेळी एका तागडीत कशी घालायची? बैल त्याच्या खिल्लारात केवढा आन्‌ शेळी तिच्या कळपात केवढी, एवढंच बघितलं."

हे आबाजीला कळलं. तो कागदावर वाकला. नव्या डोळ्यांनी त्याला एकेक ठिपका स्वच्छ दिसत होता. सुकन्या बोट ठेवून सांगत होती. उजवीकडं जावं तसा पाऊस विरळा, वर जावं तसा दांडगा. ही खालची रेघ घाटाकडच्या गावांची. ही वरची आपल्याकडची, बारामती, इंदापूर, भिगवण, बावडा. गावं निराळी, वर्षं निराळी, मोजणारी माणसं निराळी. कुणाचा कुणाला पत्ता नाही. पण आपापल्या मानानं भागून घेतल्यावर सगळ्यांचे ठिपके एकाच वाटेला लागलेले. खालची रेघ सावकाश चढत होती. वरची उजवीकडे जाता जाता एकदम उभी होत होती.

"म्हंजी?"

"जिथं कमी पडतो, तिथं एखाद्या दिवशी लई वेडा पडतो. घाटात मोठा पाऊस नेहमीच्या दुप्पट झाला तरी लई. आपल्याकडं तिप्पट हुतो. त्याच्याबी वर जाऊ शकतो."

आबाजीनं त्या उभ्या रेघेवर अंगठा ठेवला. ज्या पावसाला त्यानं जन्मभर लहरी म्हटलं, शिव्या घातल्या, नवस बोलला, तो कुठंतरी असा चालीनं चालत होता. बावड्याच्या ढगाला भिगवणचा ढग ठाऊक नव्हता आणि तरी दोघं एका वाटेवर होते.

"ह्यास्नी कोण सांगतं गं, असं चाला म्हणून?"

"मला ठाऊक न्हाय," सुकन्या म्हणाली. "पहिल्यांदा दिसलं तवा मी खुर्चीतनं उठले. वाटलं चुकलंय. पुन्हा पहिल्यापास्नं केलं. पुन्हा हेच."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "ही गावं पावसाच्या नात्यानं भावकी हायती, आबा. एका गावाची चाळीस वर्षं म्हंजी काईच न्हाय. त्यात दांडगा पाऊस आला तर आला. पर भावकीतल्या धा गावांची वर्षं एकत्र केली, की माणसानं शेकड्यांनी वर्षं बघितल्यागत हुतं. एकच ढग दोन गावांवर फुटला तर तो दोनदा धरायचा न्हाय, तेवढं सांभाळायचं. शेजाऱ्याचा पाऊस उसना घ्यायचा, बास."

आबाजी तो कागद घडी करून निरवांगीला घेऊन आला. म्हाळसेनं तो उलटा धरून बघितला आणि म्हणाली, "मुंग्या चालल्यागत दिसत्यात."

त्याच उन्हाळ्यात वस्तीच्या वरच्या अंगाला रोजगार हमीतून पाझर तलावाचं काम चालू झालं. ओढ्याला आडवा मातीचा भराव, आणि तलाव भरला की जास्तीचं पाणी निघून जायला कडेला सांडवा. त्या तलावासाठी वस्तीतल्या सर्जेरावानं कचेरीचे उंबरे झिजवले होते. कामावर रणजित नावाचा तरुण इंजिनीअर होता, मुकादमाला आणि बायांना सारख्याच अदबीनं बोलणारा. सुट्टीला आलेली सुकन्या एक दिवस तिकडे गेली आणि तिनं विचारलं, सांडव्याची रुंदी कुठल्या पावसावर काढली?

रणजितनं आकडा सांगितला. जवळच्या एकाच केंद्राच्या नोंदीवरून तो काढलेला होता. रीत तीच होती. सुकन्येनं तिथंच दगडावर बसून आकडेमोड केली. मग ती म्हणाली की तिच्या हिशेबानं हा ओढा याच्या दीडपट पाणी आणू शकतो. रणजितनं ते तिच्याकडून दोनदा समजून घेतलं.

"मला पटतंय, मॅडम," तो म्हणाला. "वर लिहितो, मंजूरही होईल. पण सांडवा रुंद करायचा तर जागा लागेल. पलीकडं सगळा कातळ आहे."

अलीकडं आबाजीची बाग होती. विहिरीपासून ओढ्यापर्यंतचा सगळ्यात काळा, सगळ्यात खोल मातीचा पट्टा.

बातमी सुकन्येच्या आधी घरी पोचली. सर्जेराव संध्याकाळी येऊन बसला, चहा प्याला आणि जाताना म्हणाला, "आबा, मी काई सांगनार न्हाय. रान तुजं, लेक तुजी. भरावाखाली घरं मातूर सगळ्यांची हायती."

दुसऱ्या दिवशी बाप-लेक खळ्यात समोरासमोर बसले. म्हाळसा उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

"कवा येनार ह्यो तुजा पाऊस?" आबाजीनं विचारलं.

"सांगता येत न्हाय."

"पुढल्या साली?"

"येईल. न्हायतर माझी नातवंडं म्हातारी झाली तरी येनार न्हाय."

"मग हिशेब कशाचा केलास?"

"किती येऊ शकतो, त्याचा. कवा येईल, त्याचा न्हाय."

"आन्‌ रान जायाचं ते आत्ता."

"व्हय, आबा. आत्ता."

तिनं विनवलं नाही, की समजूत घातली नाही. त्याचाच आबाजीला जास्त राग आला. काही दिवस तो तिच्याशी बोलला नाही. बागेत जाऊन झाडांच्या बुंध्याशी बसायचा. पाऊस मोजता येतो, मान्य. त्याची रेघ निघते, तीही त्यानं डोळ्यांनी बघितली होती. पण बघून थक्क व्हायला काही लागत नाही. त्या रेघेखाली स्वतःचं रान घालायचं म्हणजे निराळं.

सुकन्या बारामतीला परत निघाली त्या सकाळी त्यानं तो घडीचा कागद काढला. सगळ्यात वरच्या, एकट्या पडलेल्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो कुठला?"

"बावड्याकडचा. लई जुना. तुमी तवा पंचविशीतबी नसाल. हस्तातला हाय."

आबाजीनं मान हलवली आणि तिच्यामागोमाग तोही एस.टी.च्या थांब्यावर गेला. ती बारामतीला गेली, तो बावड्याला.

बावड्यात म्हाळसेच्या माहेरच्या नात्यातली रंगूबाई होती, पाठीतून वाकलेली, पण बोलायला खणखणीत. त्यानं विचारलं, की बयो, तुझ्या तरुणपणी हस्तात कधी फार मोठा पाऊस झाला होता का? ती त्याच्याकडं बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिला कुणी हे विचारलं नव्हतं.

"चल," ती म्हणाली, आणि काठी टेकत त्याला ओढ्याकडं घेऊन गेली.

तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. बाभळी होत्या, एकाचं वैरणीचं कडवळ होतं, कोरड्या वाळूत शेळ्या बसल्या होत्या.

"हितं आळी हुती आमची," रंगूबाई म्हणाली. "दुपारनं अंधारून आलं. पाऊस म्हंजी धारा नव्हत्याच, हात पुढं केला तर हात दिसंना. पाणी आलं ते आवाज करत न्हाय आलं. आदी वास आला. वल्या मातीचा न्हवं, मुळ्यांचा. वरची झाडं उपटून येत हुती, त्येंच्या मुळ्यांचा वास. सासऱ्यानं मला ढकलत त्या उंच्यावर नेलं आन्‌ म्हशीचं दावं सोडाया म्हणून मागं फिरला." तिनं काठीनं वाळू उकरली. "दुसऱ्या दिशी ऊन पडलं हुतं. हितं चुलीबी न्हवत्या."

आबाजी त्या वाळूत उभा राहिला. ते साल त्याला आठवलं. त्या हस्तात निरवांगीला टिपूस पडलं नव्हतं. रोज दुपारी उगवतीकडं ढग दाटायचे, विजा चमकायच्या, आणि त्याचा बाप आभाळाकडं बघून म्हणायचा, दुसऱ्याच्या दारात पडतंय. त्यांनी त्या ढगांना शिव्या घातल्या होत्या. तोच ढग चार कोस अलीकडं येऊन उभा राहिला असता तर? त्याला कोण अडवणार होतं? ढगाला गावाची शीव ठाऊक नसते. बावड्याचा ओढा आणि निरवांगीचा ओढा यांच्यात भाग्याशिवाय दुसरं काही आडवं नव्हतं. आणि त्याच्या लेकीनं या बाईचं नाव न ऐकता, ही वाळू न बघता, तो दिवस कागदावर बरोबर जागी मांडून ठेवला होता.

तो संध्याकाळी घरी आला. म्हाळसेनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "काय बघितलंस?"

"काईच न्हाय," तो म्हणाला. "सर्जेरावाला सांगावा धाड. इंजिनेर सायबाला म्हणावं, फीत घेऊन या."

त्या पट्ट्यातली झाडं त्यानं स्वतःच्या हातानं तोडली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सांडवा झाला, रुंद, कडेला दगडी भिंत, तळाला मुरूम उघडा पडलेला. आणि त्यानंतर पाऊसच पडेना. लागोपाठच्या पावसाळ्यांत तलावात म्हशी डुंबतील एवढंही पाणी आलं नाही. पोरं सांडव्यात क्रिकेट खेळायची. लेकीच्या कागदापायी बाग घालवली, असं लोक मागं बोलायचे, आणि पुढंपुढं तोंडावरही. आबाजी ऐकून आपल्या कामाला लागायचा. कधीकधी एकटाच त्या कोरड्या सांडव्यात उभा राहायचा. तेव्हा त्यालाही आपण खुळ्यासारखं केलं असं वाटायचं. सुकन्येला मात्र त्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही.

मग नव्वदचं दशक सरता सरता एक हस्त असा आला. त्या साली उत्तरातच चांगला पडला होता, तलाव बराच भरला होता. दुपारी वारा पडला. उगवतीकडून ढग आला, काळा नव्हे, कळकलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा हिरवट. मेंढरं राखलेल्या माणसाला आभाळाचे रंग ठाऊक असतात. हा रंग आबाजीनं बघितला नव्हता. त्यानं सर्जेरावाच्या दारात जाऊन एवढंच म्हटलं, "माणसं शाळंकडं काढ." शाळा उंचावर होती. सर्जेरावानं का म्हणून विचारलं नाही.

पाऊस आला तेव्हा समोरचा भराव दिसेनासा झाला. सगळी माणसं शाळेकडं गेली आणि आबाजी घोंगडं पांघरून भरावाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. म्हाळसा हाका मारत होती, त्या त्याला ऐकू येत नव्हत्या. माळाच्या चारी अंगांनी पाणी उतरत होतं. जिथं कधी ओघळ नव्हता तिथं ओढे झाले होते. तलाव बघता बघता काठोकाठ आला आणि सांडव्यावरून पहिलं पाणी पातळ, जवळजवळ लाजत, पलीकडं उतरलं. मग ते वाढायला लागलं. घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, पुरुषभर. सांडव्याची रुंदी या भिंतीपासून त्या कातळापर्यंत भरली. जिथं डाळिंबं होती तिथून तांबडं पाणी पाठ उंचावून जात होतं. आणि मग त्याला वास आला. ओल्या मातीचा नव्हे, मुळ्यांचा.

तो भ्याला होता. पण भीतीच्या आत आणखी काहीतरी होतं. देवळात गाभाऱ्यापाशी गेल्यावर होतं तसं, पण त्याहून मोठं. एवढ्या मोठ्या गोष्टीला माणसानं आधीच ओळखलं होतं, ती यायच्या आधी तिच्यासाठी वाट मोकळी करून ठेवली होती, आणि ती त्या वाटेनं चालली होती. त्यानं हात जोडले. कुणाला जोडले, हे त्याला सांगता आलं नसतं.

पाणी भरावाच्या माथ्याला हातभर कमी राहिलं आणि तिथंच थांबलं. पाऊस सरला. सांडव्याची भिंत निम्मी गेली होती. उरलेली बाग गेली, विहीर गाळानं बुजली. एका जागी भराव खचला, पण उभा राहिला. खाली वस्तीतल्या घरांतून गुडघाभर पाणी फिरून गेलं. माणूस एकही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रस्ता तुटलेला, म्हणून सुकन्या दुधाच्या टेम्पोतून आणि पुढं चिखल तुडवत आली. रणजितनं तलावावर पाऊस मोजायचं साधं नळकांडं बसवलं होतं. त्यातला आकडा तिनं बघितला आणि ती भरावावर मटकन खाली बसली.

"काय झालं?" आबाजीनं विचारलं.

"माझ्या रेघंच्याबी वर गेला, आबा."

"म्हंजी रेघ चुकली?"

"आता थोडी उचलावी लागंल." ती सांडव्याकडं बघत होती. तिचा आवाज बारीक झाला होता. "मला वाटत हुतं, मला पाऊस कळलाय. एवढासा कळलाय. आनखी थोडा वेळ पडला असता, तर हा सांडवाबी पुरला नसता."

आबाजी तिच्याशेजारी बसला. तिच्या पाठीवर त्यानं हात ठेवला, लहानपणी तळावर विजा कडाडताना ठेवायचा तसा.

"आन्‌ ह्या कालच्या दिवसाचं आता काय करायचं?" मग त्यानं विचारलं.

"त्यो बाकीच्यांत मिळवायचा. भिगवणला, डाळजला, सगळ्या भावकीला उपयोगी पडंल."

हे त्याला आवडलं. आपल्या ओढ्याला आलेला पाऊस डाळजच्या माणसांना उसना जाणार, हे त्यानं म्हाळसेला, सर्जेरावाला, भेटेल त्याला सांगितलं.

त्यानं डाळिंबं पुन्हा लावली नाहीत. विहीर उपसून घेतली आणि उरल्या रानात हुलगा, ज्वारी करत राहिला. पुढं आसपासच्या गावांतून तलावांची कामं निघाली तसं रणजित सुकन्येला बोलवायचा, आणि सुकन्या वडलांनाही घेऊन जायची. आकड्यांचं बोलणं ती दोघं करायची. आबाजी भरावाच्या जागेवर उभा राहून आधी खालच्या घरांकडं बघायचा, मग वरच्या माळाकडं. मग कुणाला तरी विचारायचा, "सांडव्याच्या बाजूला कुनाचं रान हाय?" आणि ज्याचं असेल, त्याच्या बांधावर जाऊन बसायचा.